जैवइंधन संशोधनाचे राष्ट्रीय जाळे : नेतृत्वाची जबाबदारी आणि गावाचा वाटा

शेतात पिकणारा माल आणि पीक निघाल्यावर मागे राहणारा काडीकचरा यांचा इंधन म्हणून उपयोग करणे ही ग्रामीण भागाला नवी गोष्ट नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचे चिपाड जळते, विदर्भात चुलीला पऱ्हाटी लागते, तुराट्या आणि गोवऱ्या तर घरोघर साठविलेल्या असतात. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र या जुन्या व्यवहाराला राष्ट्रीय धोरणाचे रूप आले आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्यासाठी मोठे परकीय चलन खर्ची पडते आणि जगात कोठेही युद्ध पेटले की त्याची झळ येथील बाजाराला बसते. शेतीतून मिळणारे इंधन या परावलंबनाला काही अंशी तरी आळा घालू शकेल, अशी यामागील भूमिका आहे.

या दिशेने पहिली पावले टाकली गेली त्यांत महाराष्ट्राचा वाटा होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली जिल्ह्यात सुरू करण्यात आले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. पुढील दहा वर्षे तो रखडतच चालला. २०१३-१४ या इथेनॉल वर्षात देशातील सरासरी मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. त्यानंतर दर आणि खरेदी यांविषयीचे धोरण बदलले, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांच्या घरात पोहोचले.

हे यश मुख्यतः उसाची मळी, उसाचा रस आणि धान्य यांपासून मिळणाऱ्या इथेनॉलचे आहे. त्याचे तंत्रज्ञान जुने आहे. याउलट पेंढा, पाचट, पऱ्हाटी यांपासून इंधन करणे, अखाद्य तेलबियांपासून डिझेलला पर्याय शोधणे, यांसाठी संशोधनाची जोड आवश्यक आहे. हे संशोधन एका संस्थेच्या आवाक्यातील नाही. त्यासाठी अनेक संस्थांचे राष्ट्रीय जाळे उभारावे लागते, आणि त्या जाळ्याला दिशा देणारे नेतृत्व लागते. हे नेतृत्व योग्य रीतीने चालले नाही तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घेणे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

जाळे म्हणजे काय?

शेतीसंशोधनात अशा जाळ्याची परंपरा भारतात जुनी आहे. १९५७ साली मक्यासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याच नमुन्यावर पुढे गहू, भात, ज्वारी, ऊस आदी पिकांचे प्रकल्प उभे राहिले. त्यांची कार्यपद्धती साधी पण कसोशीची आहे. एकच वाण, एकाच पद्धतीने, एकाच वर्षी, वेगवेगळ्या हवामानांत व जमिनींत लावला जातो. त्याची तुलना ठरलेल्या प्रचलित वाणाशी केली जाते. सर्व केंद्रांची आकडेवारी वार्षिक बैठकीत एकत्र मांडली जाते आणि तेथेच तिची चिकित्सा होते. एखाद्या केंद्रावर पीक जोमदार आले व अन्यत्र पडले, तर ते कोठेही लपत नाही. शेतकऱ्याकडे शिफारस जाते ती या चाळणीतून गेल्यावरच.

शेतीतील ऊर्जेच्या वापरासंबंधीही असा समन्वित प्रकल्प भारतीय कृषी संशोधन परिषदेने चालविला असून त्याचे समन्वयन भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडे आहे. परंतु जैवइंधनाची साखळी एका परिषदेत मावत नाही. पीक शेतात वाढते, म्हणून कृषी विद्यापीठे त्यात येतात. काडीकचरा गोळा करून, गठ्ठे बांधून वाहून न्यावयाचा, म्हणून अभियंते येतात. त्यातील तंतू फोडून साखर काढावयाची व ती आंबवावयाची, म्हणून रसायनशास्त्रज्ञ व जैवतंत्रज्ञ येतात. तयार इंधनाची परीक्षा डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेसारख्या ठिकाणी व्हावयाची असते. खरेदी तेल कंपन्या करतात. पडीक जमिनीचा प्रश्न आला की वन व महसूल खाते येते. कृषी, विज्ञान, पेट्रोलियम, नवीकरणीय ऊर्जा आणि पर्यावरण अशा निरनिराळ्या मंत्रालयांची ही कामे आहेत. त्यांचा मेळ घालण्यासाठी २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात पेट्रोलियम मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समन्वय समितीची तरतूद करण्यात आली.

समिती असणे आणि मेळ बसणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. साखळीतील एक कडी कच्ची राहिली तरी इतर साऱ्या कड्यांचे श्रम वाया जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर केलेले काम याचे चांगले उदाहरण आहे. गोड ज्वारीच्या कणसापासून धान्य, ताटांच्या रसापासून इथेनॉल आणि उरलेल्या चोथ्यापासून चारा वा जळण असा तिहेरी लाभ मिळतो. पीक सुमारे चार महिन्यांत तयार होते आणि त्याला उसाहून पुष्कळच कमी पाणी लागते. शेतात पीक येते, प्रयोगशाळेत इथेनॉलही होते. अडचण पुढे आहे. ताटे तोडल्यावर रसातील साखर झपाट्याने घटू लागते, म्हणून एका दिवसाच्या आत गाळप व्हावे लागते. कापणीचा काळ थोडा, आणि तेवढ्या दिवसांसाठी स्वतंत्र कारखाना कोण चालविणार, हा प्रश्न उरतो. पीक, यंत्र आणि कारखान्याचे वेळापत्रक यांचा विचार एकत्र झाल्याखेरीज उत्तम पीकही प्रयोगक्षेत्राबाहेर पडत नाही.

मोगली एरंडाचा धडा

राष्ट्रीय जाळ्याचे काम कोणत्या क्रमाने व्हावे, याचा सर्वांत मोठा धडा मोगली एरंडाने दिला. कुंपणाला लावले जाणारे हे झाड चंद्रज्योत या नावानेही ओळखले जाते. त्याच्या बियांत सुमारे ३० टक्के तेल असते. जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. ते हलक्या जमिनीत तग धरते. या गुणांमुळे २००० नंतर त्याच्याकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेसच्या इंजिनात ५ टक्के बायोडिझेल मिसळून चाचणी घेण्यात आली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या जैवइंधन विकास समितीने आपला अहवाल दिला. डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणासाठी २०११-१२ पर्यंत सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरांवर मोगली एरंडाची लागवड लागेल, असा त्यातील हिशेब होता.

हा हिशेब कशावर उभा होता ते पाहण्यासारखे आहे. हेक्टरी २,५०० झाडे, प्रत्येक झाडाला दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी ३,७५० किलो बी, असे गृहीत धरले होते. गुणाकार बिनचूक होता. प्रश्न होता तो दीड किलो या आकड्याचा. ज्या पडीक, मुरमाड, पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीवर लागवड व्हावयाची होती, त्या जमिनीत हजारो झाडांवर हा आकडा पारखून घेतलेला नव्हता. झाड तग धरते आणि झाड उत्पन्न देते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. खत व पाणी मिळाल्यास फळ धरते, न मिळाल्यास झाड हिरवे राहते पण घड लागत नाहीत. पुढील अनुभव तसाच आला. हलक्या कोरडवाहू जमिनीत अनेक ठिकाणी हेक्टरी एक टनही बी निघाले नाही.

संशोधनाचे जाळे त्या वेळी नव्हते असे नाही. राष्ट्रीय तेलबिया व वनस्पती तेल विकास मंडळाने २००४ साली मोगली एरंड व करंज यांसाठी राष्ट्रीय जाळे उभे केले. राज्य कृषी विद्यापीठे, कृषी संशोधन परिषदेच्या व वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या संस्था, वनसंशोधन संस्था, आयआयटी अशा अनेकांचा त्यात सहभाग होता. भरघोस उत्पन्न देणारी झाडे हेरणे, त्यांची रोपे करून अनेक ठिकाणी चाचण्या घेणे, लागवडीची पद्धत ठरविणे आणि तेल काढण्याची यंत्रे सुधारणे ही कामे त्यांना नेमून देण्यात आली. कामाची आखणी योग्य होती. पण हे झाड पुरेसे उत्पन्न देऊ लागण्यास तीन ते पाच वर्षे घेते. २००४ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांचे खात्रीचे उत्तर या दशकाच्या अखेरीसच हाती येणार होते. लागवडीचे कार्यक्रम मात्र त्याच वर्षांत अनेक राज्यांत धडाक्याने सुरू झाले. रोपे वाटली गेली, खड्डे खणले गेले, आणि संशोधन लागवडीच्या मागून चालू लागले.

दराचा हिशेबही जुळला नाही. ऑक्टोबर २००५ च्या खरेदी धोरणानुसार तेल कंपन्यांनी बायोडिझेलला लिटरला २५ रुपये देण्याचे ठरविले. एक लिटर तेलासाठी घाणीवर साधारण साडेतीन ते चार किलो बी लागते. त्यातून गाळप, प्रक्रिया व वाहतूक यांचा खर्च वजा केला तर बियाला किलोमागे पाच रुपयांच्या आसपासच भाव देता येणार होता. समजा, हेक्टरी एक टन बी निघाले, तर वर्षाचे ढोबळ उत्पन्न पाच हजार रुपये होते. फळे एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून ती पुन्हापुन्हा हाताने तोडावी लागतात. तोडणीची आणि बी सोलण्याची मजुरी यातूनच जावयाची. पेंडीत विषारी द्रव्य असल्याने ती जनावरांनाही घालता येत नाही. ज्या शेतकऱ्याने चार वर्षे वाट पाहिली, त्याच्या हाती काय उरणार, हे या साध्या हिशेबावरून कळते.

२००८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलप्रमाणेच बायोडिझेलसाठीही २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. प्रत्यक्षात बायोडिझेलचे मिश्रण एक टक्क्याच्या आतच राहिले. २०१८ च्या धोरणाने ते उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे ठेवले आणि वापरलेले खाद्यतेल यांसारख्या अन्य स्रोतांकडेही लक्ष वळविले.

जाळ्याचे श्रम सर्वस्वी वाया गेले असे म्हणता येणार नाही. भारतातील मोगली एरंडात आनुवंशिक विविधता फारच थोडी आहे, म्हणून केवळ निवडीने उत्पन्न वाढविण्यास मर्यादा पडतात, ही महत्त्वाची गोष्ट संशोधनानेच दाखवून दिली. हे उत्तर मोठ्या लागवडीपूर्वी मिळाले असते तर त्याचे मोल कितीतरी अधिक झाले असते.

उरलेला काडीकचरा खरोखर उरलेला असतो काय?

मोगली एरंडाच्या वेळी चूक झाली ती प्रतिझाड उत्पन्नाच्या आकड्यात. काडीकचऱ्याच्या बाबतीत तशीच चूक होऊ शकते ती ‘शिल्लक’ या शब्दात. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो व त्यातील सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो. अकरा प्रमुख पिकांचा अभ्यास करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय अंदाजात एकूण अवशेष सुमारे ६८ कोटी टन आणि शिल्लक सुमारे १८ कोटी टन असे आकडे आहेत. दोन्ही अंदाज जबाबदार संस्थांचे आहेत, तरी शिल्लकीत पाच कोटी टनांचा फरक पडतो. कोणती पिके धरली, चारा, जळण व शाकारणी यांसाठी किती वजा केले आणि मोजणी कोणत्या वर्षाची, यांवर शिल्लक ठरते. शिल्लक ही शेतात जाऊन मोजता येईल अशी वस्तू नसून ती एक वजाबाकी आहे. वजा करावयाच्या बाबी गावागावांत बदलतात.

महाराष्ट्रातील तीन पिके घेतली तरी हे स्पष्ट होते. ज्वारीचा कडबा शिल्लक म्हणता येत नाही. तो गुरांचा मुख्य आधार आहे आणि अवर्षणाच्या वर्षी त्याचा भाव धान्याशी स्पर्धा करतो. उसाचे पाचट जाळण्याची प्रथा अजून पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु तेच पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते, तण कमी होते आणि खोडव्याला सेंद्रिय खत मिळते. ते सारेच इंधनासाठी उचलले तर जमिनीचे नुकसान होते. पऱ्हाटीची गोष्ट याच्या उलट आहे. शेंदरी बोंडअळीचे जीवनचक्र तुटावे म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढावी, अशी कृषी खात्याची शिफारस आहे. येथे अवशेष उचलणे शेतीच्या हिताचे ठरते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या, कांड्या आणि गोळ्या तयार करण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. म्हणजे इंधनाखेरीज दुसरे गिऱ्हाईकही आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका गावात २०० हेक्टर कापूस आहे आणि हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी निघते. एकूण ५०० टन झाली. घरगुती जळणासाठी आणि कुट्टी करून जमिनीत गाडण्यासाठी मिळून ३०० टन गेली, तर २०० टन उरते. आता मोठ्या कारखान्याची भूक पाहावी. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा तो आहे. तेवढी पऱ्हाटी वरील हिशेबाने एक हजार गावांतून गोळा करावी लागेल, आणि तीही काढणीनंतरच्या तीन-चार महिन्यांत. हलका, पसरट माल दूरवर वाहून नेण्याचा खर्च, पावसापासून संरक्षण, साठवणुकीतील आगीचा धोका, या साऱ्या बाबी तंत्रज्ञानाइतक्याच निर्णायक आहेत. काही भागांत अजस्र कारखान्याऐवजी तालुक्याच्या आकाराचा छोटा उद्योग अधिक सोयीचा ठरेल, हे अशा हिशेबातूनच समजते.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

पेंढा व पऱ्हाटी यांतील सेल्युलोज हे साखरेचेच एक रूप आहे. पण ते लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने बांधलेले असते. ते बंध सैल करणे, विकरांच्या साहाय्याने तंतूंची साखर करणे आणि मग ती आंबविणे असे तीन टप्पे आहेत. पहिले दोन टप्पे खर्चिक आहेत. मळीपासून इथेनॉल करताना साखर आयतीच मिळते, येथे ती सोडवून घ्यावी लागते.

या विषयासाठी केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय पातळीवर संशोधन केंद्रांची मालिका उभी केली. त्यांतील पहिले केंद्र २००८ साली मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत स्थापन झाले. त्यानंतर फरीदाबाद येथे इंडियन ऑइलसमवेत, दिल्लीत आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी केंद्रासमवेत, तसेच काही आयआयटींना एकत्र आणून अन्य केंद्रे उभी राहिली. मुंबईच्या केंद्रातील तंत्रज्ञानावर उत्तराखंडातील काशीपूर येथे दिवसाला १० टन जैवभार हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. पानिपतच्या कारखान्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आसामातील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अशा कारखान्यांना साहाय्य करण्यासाठी २०१९ मध्ये प्रधानमंत्री जीवन योजना आखण्यात आली.

येथेही सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात ड्युपाँट कंपनीने मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा मोठा कारखाना २०१५ साली उघडला आणि २०१७ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. कॅन्सास राज्यातील अशाच दुसऱ्या एका कारखान्यालाही फार काळ तग धरता आला नाही. भांडवल आणि विज्ञान या दोहोंची तेथे वाण नव्हती. पण शेतातून येणाऱ्या गठ्ठ्यांत माती व खडे असतात, ओलावा दर खेपेला बदलतो, आणि दिवसाला शेकडो टन माल घेणारी यंत्रे त्यामुळे अडतात वा झिजतात. भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने तेथे झीज आणखी वाढते. प्रयोगशाळेत किलोभर स्वच्छ, वाळलेल्या पेंढ्यावर मिळालेले उत्तर कारखान्यात तसेच्या तसे मिळत नाही. १० टनांचा मधला टप्पा म्हणूनच अत्यावश्यक असतो, आणि तो टाळण्याची घाई महागात पडते.

अन्न, पाणी आणि इंधन

संशोधनाच्या जाळ्याने इंधनापुरताच विचार करून भागत नाही. एक टन उसाच्या मळीपासून सुमारे १० ते ११ लिटर इथेनॉल मिळते, थेट रसापासून केल्यास सुमारे ७० लिटर. दुसरा मार्ग आकर्षक वाटतो. पण त्यात साखर बाजूला पडते आणि पाण्याचा हिशेब पुढे येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलविषयक अहवालात उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नमूद केले आहे. अवर्षणप्रवण तालुक्यांना हा आकडा पुरेसा बोलका आहे.

२०२३ चा पाऊस अपुरा झाला आणि ऊस घटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविण्यात आले. मधल्या काळात इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली, त्याचा भाव वधारला, मका उत्पादकाला दिलासा मिळाला, तर कुक्कुटपालकांचा खाद्यावरील खर्च वाढला. एका निर्णयाचे असे अनेक परिणाम होतात. ते आधी दाखवून देणे हेही राष्ट्रीय जाळ्याचे काम आहे. काडीकचऱ्यापासूनच्या इंधनाला महत्त्व आहे ते याच कारणाने. ते जमले तर ताटातील घास आणि विहिरीतील पाणी यांना हात न लावता इंधन मिळू शकेल.

नेतृत्वाकडून अपेक्षा

वरील अनुभवांवरून अशा जाळ्याच्या प्रमुखाची कर्तव्ये स्पष्ट होतात. पहिले कर्तव्य मोजमापाचे. सर्व केंद्रांत ओलावा, वजन, उत्पन्न आणि खर्च एकाच पद्धतीने मोजले गेले पाहिजेत. एका केंद्राने ओल्या मालाचे आणि दुसऱ्याने वाळलेल्या मालाचे वजन दिले तर त्यांच्या बेरजेला अर्थ राहत नाही.

दुसरे कर्तव्य अपयशाची नोंद करण्याचे. फसलेल्या चाचणीचा अहवाल यशस्वी चाचणीइतकाच प्रसिद्ध झाला पाहिजे. अपयश सांगणाऱ्या केंद्राचा निधी कापला जात असेल तर पुढील वर्षी कोणीही खरे सांगणार नाही. या शास्त्रज्ञांना अभय देणे हे प्रमुखाच्या हाती असते.

तिसरे कर्तव्य कालक्रम सांभाळण्याचे. पाच वर्षांनी फळणाऱ्या झाडासाठी तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर करणे व्यर्थ आहे. चाचणीचे उत्तर येईपर्यंत मोठ्या लागवडीची शिफारस देता येत नाही, हे मंत्रालयात निःसंदिग्धपणे सांगावे लागते. उद्दिष्टांच्या तारखा जवळ आलेल्या असताना असे सांगणे सोपे नसते. पण ते न सांगितल्यास जोखीम नाहीशी होत नाही, ती दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याच्या माथ्यावर जाते. संशोधन केंद्राचा एक हंगाम वाया गेला तर पुढील वर्षी पुन्हा चाचणी घेता येते. त्या शेतकऱ्याची चार वर्षे परत येत नाहीत.

चौथे कर्तव्य शेतकऱ्याला साखळीत स्थान देण्याचे. काडीकचऱ्याचा भाव, तो उचलण्याची वेळ आणि उचल न झाल्यास होणारे नुकसान यांविषयी त्याचे म्हणणे आराखडा ठरतानाच ऐकले गेले पाहिजे. गहू पेरण्याची घाई असलेल्या शेतकऱ्याच्या शेतात गठ्ठे आठ दिवस पडून राहिले, तर पुढील वर्षी तो काडी ओढणे पसंत करील, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

राष्ट्रीय जाळ्याचे शेवटचे टोक गावात असते. पंचायत सदस्य, ग्रामसेवक, कृषी अधिकारी आणि शिक्षक यांनी थोडी दक्षता बाळगल्यास जाळ्याला विश्वासार्ह माहिती मिळेल आणि गावही फसणार नाही. जैवइंधनाची एखादी योजना किंवा लागवडीचा प्रस्ताव आला तर काही प्रश्न विचारावेत. उत्पन्नाचा आकडा कोणत्या जमिनीवरचा आहे व किती वर्षांचा आहे? आपल्या जिल्ह्यात वा तशाच हवामानात चाचणी झाली आहे काय? माल कोण, कोणत्या भावाने, किती वर्षे खरेदी करणार, याचा लेखी करार आहे काय? तोडणी व वाहतुकीचा खर्च कोणाचा? आज या जमिनीचा वा या काडीचा उपयोग कोण करीत आहे? पडीक म्हणून नोंदलेली जमीन अनेकदा गावातील भूमिहीनांच्या शेळ्यामेंढ्यांचे चराऊ रान असते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यावर मिळत नाही, ते ग्रामसभेतच मिळू शकते.

शाळांनाही यात भाग घेता येईल. हंगामाच्या अखेरीस दोन-तीन शेतांत ठरावीक मापाचा चौरस आखून त्यातील पऱ्हाटी, तुराट्या किंवा पाचट तोलावे. पंधरा दिवस उन्हात वाळवून पुन्हा तोलावे. ओलाव्याने किती वजन घटले ते काढावे. घरोघर जाऊन चारा, जळण, कुंपण व शाकारणी यांसाठी किती लागते याची नोंद करावी. गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास हे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. गावाची शिल्लक गावानेच काढली, तर पुढे कोणी मोठा आकडा घेऊन आला असता त्याच्याशी पडताळून पाहण्यास एक आधार मिळतो. अशी नोंद पंचायतीच्या दप्तरात ठेवून ती दरवर्षी अद्ययावत करावी आणि तिची एक प्रत तालुका कृषी कार्यालयास द्यावी.

परदेशी तेलावरील अवलंबन कमी करणे हे राष्ट्रीय कार्य आहे आणि शेतकरी त्यात मोलाचा वाटा उचलू शकतो. त्यासाठी त्याच्यापुढे ठेवला जाणारा प्रत्येक आकडा त्याच्यासारख्याच शेतात पारखून घेतलेला असावा, एवढी हमी संशोधन जाळ्याच्या धुरीणांनी दिली पाहिजे. तो आकडा आपल्या शिवारात लागू पडतो की नाही, हे पाहण्याचे काम गावाने आपल्याकडे घ्यावे.